डोक्याकडचा भाग

१

गांडुळाचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. अंगावर फिकट, जरा फुगीर असा पट्टा असतो. तो ज्या टोकाला जवळ, ते डोकं. पिल्लाला हा पट्टा नसतो. मग त्याला ओल्या कागदावर ठेवायचं आणि वाट बघायची. ज्या टोकाने ते आधी सरकू लागतं ते डोकं. घाई करायची नाही, काडीने डिवचायचं नाही. किन्हवलीच्या शाळेत मी आयुष्यभर हे सांगत आले आणि पोरं आयुष्यभर डिवचत आली.

निवृत्त झाले तरी लोक मला सोडत नाहीत. कुणाच्या वांग्याच्या मुळाशी काही वळवळलं की त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो. 'बाई, हे काय?' निम्म्या फोटोंत किड्यापेक्षा अंगठाच मोठा दिसतो. तरी मी चहा घेता घेता सगळ्यांना उत्तरं देते. ही हुमणी आहे, वेचून मार. हा पैसा किडा, कुजलेला पाला खातो, त्याला सोड. हे गांडूळच आहे, फक्त घाबरलंय.

शेजारचा कोंडू तर फोटोही काढत नाही, किडा हातावर घेऊन थेट दारात येतो. माझाच विद्यार्थी, आता त्याला नातू आहे. एकदा फावड्याने तुटलेलं गांडूळ घेऊन आला.

"बाई, आता ह्याचे दोन व्हतील ना?"

"नाही होत रे. शाळेत सांगितलं होतं. डोक्याकडचा भाग जगला तर जगतो. शेपटाकडचा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो."

"पन वळवळतात तर दोनी."

"वळवळणं म्हणजे जगणं नव्हे, कोंडू."

त्याने मान डोलावली. त्याला पटलं नव्हतं, हे मला चांगलं कळलं.

माझी बाग म्हणजे न्हाणीच्या मागे एक लांब वाफा. न्हाणीचं पाणी तिकडेच सोडलंय, म्हणून भात निघाल्यावर सगळं रान दगडासारखं कडक होतं तेव्हाही तेवढी माती मऊ असते. मूठभर उचलली तर तिच्यात चार-दोन गांडुळं सापडणारच. हे गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा मी त्यांच्याशी बोलते. लाज कसली त्यात.

२

माझी मुलगी आरती मार्गशीर्षात बाळंतपणाला आली. शहापूरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. माझी विहीण जानकीबाई वैशाखऱ्याहून आल्या होत्या. नात बघून त्या माझ्या गळ्यात पडल्या, तेवढ्यात माझ्या साडीचा रंग मला शोभत नाही हेही सांगून झालं, आणि मग नर्सशी काहीतरी कुजबुजून हातात काळी पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"काय आहे त्यात?"

"वार, नाळेसकट. मागून घेतली. घरी पुरायची."

आमच्या घरात उतारे, अंगारे, नवस काहीच नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षीच देव्हारा उतरवला. जानकीबाईंच्या घरीही रोज बुद्धवंदना होते, म्हणून मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, "जानकीबाई, हे आपल्यात असतं का?"

"ह्यात देव कुठं आला, विहीणबाई? पोरीच्या अंगाचा तुकडा हाय. कुत्र्यांच्या तोंडी कसा जाऊ द्यायचा?"

आरतीजवळ तिच्या नवऱ्याला, इंद्रजीतला, बसवून आम्ही दोघी संध्याकाळच्या एसटीने किन्हवलीला आलो. अंगणात कुदळ मारली तर ठण्ण वाजली. आंब्याखाली तेच, गोठ्यामागे तेच. शेवटी मऊ माती एकाच ठिकाणी होती. मी माझ्या वाफ्यात हातभर खड्डा केला.

जानकीबाईंनी पदराची गाठ सोडून जाडं मीठ काढलं.

"मीठ नको," मी म्हटलं. "माझी गांडुळं मरतील."

"मीठ घालायला लागतंच."

"का?"

"का म्हंजे? घालतात."

का या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याच्यापुढे मी हरत नाही, हा माझा स्वभाव. मी सरळ माती ओढली. जानकीबाई मूठ तशीच धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मीठ पुन्हा पदरात बांधलं, हात धुतले आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गावी गेल्या.

३

बाळ घरी आलं आणि घर भरलं. पाळणा न्हाणीला लागून असलेल्या खोलीत बांधला, कारण तिथे ऊब असते. बाळ गुटगुटीत होतं, रडायचं खणखणीत, आणि दूध प्यायलं की त्याला उचकी लागायची. "कोण आठवण काढतंय गं आमच्या सोन्याची?" असं आरती म्हणायची. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतं, हे मीही लहानपणापासून ऐकलंय. पोटाच्या पडद्याचं आकुंचन, हे मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि बाळाला चमच्याने कोमट पाणी पाजलं.

सुकलेली नाळ वेळेवर पडली. आरतीला ती जपून ठेवायची होती. सासूने सांगितलं होतं. पण दुपट्यात सापडली नाही, गादीखाली नाही, पाळण्यात नाही. मी खोली झाडून काढली. उंदराने नेली असेल, म्हणून विषय संपवला.

त्याच आठवड्यात मी मेथी पेरायला वाफा खुरपत होते. सकाळी गारठा होता, बोटं वाकत नव्हती. खुरप्याच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं. माती बाजूला केली तर करंगळीएवढं जाड, पांढुरकं, दोरीसारखा पीळ असलेलं काही दिसलं. मूळ म्हणावं तर त्याला तंतू नव्हते. गांडूळ म्हणावं तर अंगावर वळी नव्हती, पट्टा नव्हता, आणि उलट्या दिशेने बोट फिरवलं की गांडूळ किंचित खरखरीत लागतं तसंही लागत नव्हतं. डोकं हातोड्यासारखं असलेले चपटे कृमी अलीकडे बागांत दिसतात, पण हे चपटं नव्हतं. त्याची दोन्ही टोकं मातीत होती. एक वाफ्याच्या मध्याकडे, दुसरं न्हाणीच्या भिंतीकडे.

मी ते चिमटीत धरलं, आणि पटकन सोडलं.

ते गरम होतं. मातीतला कुठलाही कृमी मातीइतकाच गार असतो. त्याला स्वतःची ऊब नसते. हे मी परीक्षेत विचारत असे.

कुठेतरी खत कुजत असेल, त्याची उष्णता असेल, असं मी मनाला समजावलं. माती परत लोटली आणि मेथी त्या पलीकडे पेरली.

४

अंगणवाडीची जयश्री वजन करायला आली. बाळाला झोळीत घातलं, काटा बघितला, पुन्हा बघितला.

"बाई, कमी झालाय."

"पहिल्या आठवड्यात होतंच कमी."

"आता पयला आठवडा कुठं ऱ्हायला? भरायला पायजे व्हता." ती आरतीकडे वळली. "दूध येतं ना गो?"

आरतीला दूध भरपूर होतं. बाळ पीतही होतं हावरटासारखं. पिऊन झालं की उचकी, मग झोप. आम्ही शहापूरला गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, पोट तपासलं, रक्त घेतलं. सगळं ठीक होतं. पाजत राहा म्हणाले. पुढच्या वेळी जयश्रीने काटा मला दाखवलाच नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

बाळाच्या मांड्यांवर कातडी सैल झाली. रडणं बारीक झालं. आरती रात्रंदिवस त्याला छातीशी धरून बसायची आणि मी काही बोलले की म्हणायची, "आई, तुला सगळं माहीत असतं ना? मग सांग ना काय होतंय ते." मला रडू यायचं. मी न्हाणीत जाऊन तोंड धुऊन यायचे.

मेथी मात्र अशी आली की कोंडू कुंपणावरून बघत राहिला. "बाई, काय घातलाव काय हिला?" पानं काळपट हिरवी, तळहाताएवढी. मी ती खुडली नाही. मी खाली माती उकरली. ते होतं तिथेच होतं. आता अंगठ्यापेक्षा जाड.

५

मी शिक्षिका आहे. मला शंका आली की मी ती तपासते.

न्हाणीची खिडकी उघडी ठेवली आणि वाफ्याशी बसून ते दोन बोटांत हलकं धरलं. आत आरती बाळाला पाजत होती.

"आरती, उचकी लागली की मला ओरडून सांग."

"कशाला?"

"सांग म्हटलं ना."

बराच वेळ काही नाही. कावळा ओरडत होता, कोंडूकडे कुणीतरी भांडी घासत होतं. मग बोटांत ते एकदा आखडलं.

"आली," आतून आरती म्हणाली.

पुन्हा आखडलं. "आली." पुन्हा. "आली." मग ती सांगायची कंटाळली आणि गप्प झाली, पण मला आता सांगायची गरज नव्हती.

मी आत गेले. पाळण्याखाली वाकून फरशीवर हात ठेवला. माघ लागायला आला होता, सगळी फरशी बर्फ होती. पाळण्याखालची एकच फरशी कोमट होती. बाळ वरून माझ्याकडे बघत होतं, डोळे मोठे आणि चेहरा म्हाताऱ्या माणसाचा.

त्याच दुपारी जानकीबाई आल्या, म्हसा गावच्या जत्रेतून नातीसाठी घोंगडी घेऊन. बाळाला बघून घोंगडी त्यांच्या हातातच राहिली. मी त्यांना वाफ्याकडे नेलं आणि माती बाजूला केली. मला वाटत होतं, त्या हसतील, मूळ आहे म्हणतील. मला फार बरं वाटलं असतं.

त्या खाली बसल्या. बोट लावलं नाही.

"विहीणबाई, दवाखान्यात नाळेला बाळाकडं चाप लावतात, नाय का?"

"हो."

"मंग दुसऱ्या टोकाला कोन बांधतो?"

"तिकडे बांधायची गरज नसते. वार मेलेली असते."

जानकीबाई मेथीकडे बघत राहिल्या.

"आता काय करायचं?" मी विचारलं. मी, त्यांना. याआधी कधी विचारलं नव्हतं.

"मला काय ठावं, बाय? आमी फकस्त मीठ घालतो. का घालतो ते आमालाबी कुनी सांगितला नाय."

६

दुसऱ्या दिवशी बाळाला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती करायचं ठरलं होतं. इंद्रजीत संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता. दुपारी आरती बाळाला कुशीत घेऊन झोपली. जानकीबाई तिच्या पायाशी बसून होत्या. मी सुती दोरा उकळून घेतला, विळा उकळून घेतला आणि मागे गेले.

वर्तमानपत्र भिजवून वाफ्यात पसरलं. दोन्ही बाजूंची माती उकरून ते वितीभर मोकळं केलं आणि कागदावर घेतलं. मग बसले. डोकं कुठलं ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मीच शिकवलेलं. भिंतीकडे सरकलं तर डोकं घराकडे. वाफ्याकडे सरकलं तर डोकं मातीत. घराकडे असावं, असं मी मनात म्हणत होते. माझी नात ते डोकं असावी.

ते सरकलं नाही. कागदावर पडून राहिलं, ऊन लागलं की किंचित चमकायचं, आणि मधूनच आखडायचं. मी काडीने डिवचलं. हो, डिवचलं. तरी ते कुठल्याच बाजूला गेलं नाही.

आत बाळ खोकलं, अगदी बारीक. तो आवाज ऐकून माझा धीर सुटला.

मी एका बाजूला दोरा घट्ट बांधला. मग जानकीबाईंचं बोलणं आठवलं आणि दुसऱ्या बाजूलाही बांधला. गाठी मारताना ते बोटांत थरथरत होतं. दोन गाठींच्या मध्ये विळा ठेवला आणि ओढला.

थोडं पाणी आलं, थोडं लाल. दोन्ही तुकडे कागदावर वळवळले. मग एक भिंतीखाली गेला आणि एक वाफ्यात गेला, दोन्ही सारख्याच वेगाने. कुठला आधी गेला ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्यात घरातून आरतीने हाक मारली आणि मी मान वळवली.

मी धावत आत गेले. आरती उठून बसली होती. बाळ जागं होतं. रडत नव्हतं, खोकत नव्हतं. शांत पडून छताकडे बघत होतं.

"आई, बघ," आरती म्हणाली, "कशी गप्प झाली."

७

ठाण्याला जावं लागलं नाही. गाडी आली तेव्हा बाळ पीत होतं, आणि त्या दिवसापासून त्याचं वजन वाढत गेलं. जयश्रीने काटा मला अभिमानाने दाखवला. नामकरणाला सगळी आळी जेवून गेली. नाव ठेवलं मैत्री. मी आनंदाने रडले, अगदी मनापासून रडले, आणि कुणी विचारलं तर सांगेन की तो माझ्या आयुष्यातला सुखाचा दिवस होता.

मैत्री गुणाची आहे असं सगळे म्हणतात. ती रडत नाही. भूक लागली तरी नुसती तोंड उघडून वाट बघते. तिला उचकी त्या दुपारनंतर एकदाही लागली नाही. तिचे हातपाय गार असतात. थर्मामीटर मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो, तेव्हा माझाच हात गरम असेल.

तीन महिने भरले तशी जानकीबाई दोघींना वैशाखऱ्याला घेऊन गेल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात जाड्या मिठाची पुडी ठेवली.

"वाफ्यात घाला. आता तरी घाला."

मी पुडी फडताळात ठेवली. घालणारच होते.

मेथीला फुलं येऊन ती वाळून गेली. त्या जागी मी काही पेरलं नाही. कोंडूने विचारलं तेव्हा जमिनीला विश्रांती देते म्हटलं. लोकांचे फोटो येत राहतात. मी आता उशिरा उत्तर देते आणि 'बहुतेक' हा शब्द घालते.

८

श्रावणात आरती चार दिवस राहायला आली. मैत्री आता चांगली बाळसेदार झाली होती. न्हाणीशेजारच्या खोलीत चटई घातली आणि तिला पालथी ठेवली. ती अजून रांगत नव्हती. दार उघडं होतं, मागे वाफा पावसात भिजत होता.

"आज सरकेल बघ," आरती म्हणाली. तिने पुढे खुळखुळा धरला आणि वाजवला.

मी दाराशी बसले होते. चटई पावसाळी हवेने ओलसर होती. माझ्या मनात ते आलं, आणि मी ते झटकलं, आणि तरी मी बघत राहिले. घाई करायची नाही. डिवचायचं नाही.

मैत्रीने खुळखुळ्याकडे बघितलंही नाही. ती थोडा वेळ पडून राहिली. मग सरकली, पाय पुढे करून, मागे. दाराकडे.

"उलटी चालली बघा बया!" आरती खळखळून हसली. "आई, पोरं आधी मागेच सरकतात ना?"

"हो," मी म्हटलं. "बरीच सरकतात."

हे खरं आहे. मी कितीतरी पोरं अशी सरकताना बघितली आहेत. मी मैत्रीला उंबऱ्याशी अडवलं आणि आरतीच्या मांडीवर दिलं. ती माझ्या हातात गार लागली. मग मी फडताळातून मिठाची पुडी काढली, पाठीमागे धरली आणि पाऊस थांबला तशी बाहेर गेले.

वाफ्याशी बसले. पुडी उघडली. मूठ भरली. शेपटाकडचा भाग थोडा वेळ वळवळतो आणि मरतो, त्याला एवढे महिने लागत नाहीत. माती ओली होती, आणि मधली एक वीतभर जागा आपोआप सुकलेली होती, तिच्यावर गांडुळांची ताजी विष्ठा पडलेली होती. मी डावा हात तिथे टेकला.

ऊब आली. आणि मग, तळहाताखाली, एकदा बारीक धक्का. थांबून पुन्हा. दूध पिऊन झाल्यावर लागायची तशी.

आत आरती हसत होती, टाळ्या वाजवत होती. मैत्रीचा आवाज नव्हता.

माझी मूठ मिटलेलीच राहिली. बाळाला आम्ही उचकी लागली की काय द्यायचो ते मला आठवलं. मी मीठ पुडीत परत घातलं, हात पदराला पुसले, स्वयंपाकघरात जाऊन वाटीत कोमट पाणी घेतलं, आणि एक चमचा.

"आई, कुणाला गं पाणी?" आरतीने विचारलं.

"मला," मी म्हटलं.

परत वाफ्याशी येऊन बसले. एक चमचा पाणी मातीवर सोडलं. मग अजून एक. हळूहळू, ठसका लागू नये म्हणून.

उचकी थांबली.